भागीदारी धातूंची

गेल्या महिन्यात एका साखरपुड्याच्या निमित्ताने धुळ्यास जाणे झाले. पंगत उठल्यावर मांडवाच्या कडेला खुर्च्या ओढून आम्ही चार-पाच जण बसलो असता आग्रा रोडवरील एक जुने परिचित व्यापारी शेजारी येऊन बसले. खते, बी-बियाणे आणि पिकांना लागणारी सूक्ष्म अन्नद्रव्ये यांची त्यांची पेढी तिसऱ्या पिढीची आहे. इकडचे-तिकडचे बोलणे झाल्यावर त्यांनी मोबाईल काढून एक पत्र माझ्यासमोर धरले. त्यांच्या थोरल्या कन्येला रसायनशास्त्रातील पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला होता आणि रुजू होण्यास अवघे तीन आठवडे उरले होते. पत्रात संशोधनाचा विषय लिहिला होता. त्याचे मराठी करायचे तर ते असे होईल : दोन वा अधिक धातू असलेल्या को-ऑर्डिनेशन पॉलिमरांची निर्मिती आणि त्यांचे चुंबकीय गुणधर्म.

"सर, हे काय आहे, ते मला समजेल अशा भाषेत सांगा," ते म्हणाले. "घरात दोन स्थळे आलेली आहेत. आई म्हणते, एम.एस्सी. झाले तेवढे पुरे. मुलगी काही बोलत नाही, पण जेवत नाही. पाच वर्षे द्यायची, तर कशासाठी द्यायची ते तरी कळावे."

मांडवात बसून जेवढे सांगता आले तेवढे त्यांना सांगितले. पण घरी परतताना वाटले, की उत्तर अपुरे झाले. हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरातलाही नाही. आपल्या समाजातील कितीतरी मुली आज जळगाव, धुळे, अमळनेर येथील महाविद्यालयांतून रसायनशास्त्र घेऊन बाहेर पडत आहेत आणि त्यांच्या वडिलांपुढे हाच प्रश्न उभा आहे. म्हणून या महिन्याचे सदर त्या उत्तराला देतो.

आधी एक गैरसमज दूर करू. 'मिश्रधातू' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जळगावचा सराफ बाजार येतो. बावीस कॅरटच्या दागिन्यावर ९१६ हा आकडा असतो, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोने आणि उरलेले तांबे, चांदी इत्यादी. मुशीत सारे वितळवले, ढवळले, ओतले. त्यात तांब्याचा अणू कोठे बसेल याला काही नियम नाही. सोन्याच्या रांगांमध्ये जेथे जागा मिळेल तेथे तो बसतो. सराफाला टंच कळला की पुरे, कोणता अणू कोणाशेजारी आहे याची त्याला चौकशी नसते.

या कन्येच्या विषयातील धातू असे मुशीत मिसळलेले नसतात. त्यांची बैठक ठरलेली असते. धातूचा एक अणू, त्याला जोडणारा एक दुवा, पुन्हा धातूचा अणू, पुन्हा दुवा, अशी साखळी किंवा जाळी तयार होते आणि ती न थांबता सर्व दिशांना वाढत जाते. दुवा बहुधा कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांच्या लहानशा रेणूचा असतो. पॉलिमर म्हणजे एकच नग पुन्हा पुन्हा जोडून झालेली माळ, हे प्लॅस्टिकच्या निमित्ताने आपण सारे जाणतो. येथे माळेतील मणी धातूचे आहेत, एवढेच. दोन धातू असतील तर कोणता मणी कोणाशेजारी ओवायचा हेही बनवणाऱ्याच्या हाती असते, निदान असावे अशी अपेक्षा असते.

धातूच्या अणूभोवती दुवे ठरावीक संख्येने आणि ठरावीक दिशांनीच बसतात हे आल्फ्रेड वेर्नर या स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञाने १८९३ साली मांडले. त्याबद्दल त्याला १९१३ चे नोबेल मिळाले. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल अशाच जाळ्यांसाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी या तिघांना विभागून मिळाले, तेव्हा हा विषय वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आला. त्यातील रॉबसन यांची हकिकत मला फार आवडते. १९७४ साली ते मेलबर्न विद्यापीठात शिकवीत होते. विद्यार्थ्यांना रेणूंच्या प्रतिकृती दाखवता याव्यात म्हणून त्यांनी लाकडी गोळे मागवले आणि त्यांना भोके कोठे पाडायची हे कारागिरांना खुणा करून दिले. गोळे आल्यावर काड्या बसवून पाहताना त्यांच्या लक्षात आले, की भोकांच्या जागा बरोबर असल्या की आकार आपोआप बरोबर येतो. मग खऱ्या अणूंनीही असेच का बांधू नये? हा विचार त्यांच्या मनात दहा वर्षांहून अधिक काळ राहिला. त्यावरचा त्यांचा पहिला लेख १९८९ मध्ये आला. पाच वर्षे फार वाटणाऱ्या वडिलांनी हे आकडे लक्षात ठेवावेत.

अशा जाळीचा सर्वांत जुना नमुना मात्र कोणत्याही शास्त्रज्ञाने योजून केलेला नाही. तो एका रंगाऱ्याच्या चुकीतून निघाला. १७०४ ते १७०६ च्या सुमारास बर्लिनमध्ये डीसबाख नावाचा रंग बनवणारा कोचिनियल किड्यांपासून तांबडा रंग काढीत होता. त्यासाठी लागणारा पोटॅशचा क्षार त्याने दुसऱ्याकडून घेतला, आणि तो क्षार जनावरांच्या रक्तापासून केलेल्या तेलाच्या कामात आधी वापरला गेलेला होता. तांबड्याऐवजी गडद निळा साका हाती आला. तोच प्रशियन ब्ल्यू. पुढे दीडशे-दोनशे वर्षे त्यासाठी लागणारे पिवळे मीठ वाळवलेले रक्त, शिंगे आणि खूर पोटॅशबरोबर लोखंडी भांड्यात भाजून करीत. जर्मन भाषेत त्या मिठाचे जुने नावच रक्तावरून पडलेले आहे. हे वाचून वाचकांच्या मनात जी शंका येईल तिचे निरसन येथेच करतो : आज हे मीठ कारखान्यात खनिज क्षार आणि वायू यांपासून तयार होते, प्राण्यांचा त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही.

आणि ते मीठ आपल्या स्वयंपाकघरातही आहे. मिठाच्या पुडीवरील बारीक अक्षरे वाचा. गोळे होऊ नयेत म्हणून घातलेल्या पदार्थापुढे बहुधा ५३६ हा आकडा दिसेल. ते पोटॅशियम फेरोसायनाइड. नावात 'सायनाइड' आहे म्हणून घाबरू नये. त्यातील सायनाइडचे सहा दुवे लोहाच्या अणूला सहा बाजूंनी इतके घट्ट धरून असतात, की मिठातील त्या अत्यल्प मात्रेत ते सुटून बाहेर पडत नाहीत. तीव्र आम्लात तापवल्यास मात्र विषारी वायू सुटतो, म्हणून घरी कोणीही याचे प्रयोग करू नयेत.

लोह आणि त्याला धरलेले हे सहा दुवे हीच आपल्या जाळीची वीट. प्रत्येक दुव्याचे कार्बनचे टोक लोहाकडे असते आणि नायट्रोजनचे टोक बाहेर मोकळे. त्या मोकळ्या टोकाशी दुसरा धातू येऊन बसला, की वीट विटेला जोडली जाते आणि घनाकृती खोल्यांची इमारत उभी राहते. जे. एफ. केगिन आणि एफ. डी. माइल्स यांनी १९३६ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने ही रचना दाखवून दिली. दुसरा धातू लोहच असेल तर निळा प्रशियन ब्ल्यू, तांबे असेल तर चॉकलेटी साका. बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत तांबे ओळखण्याची ही ठरलेली कसोटी आहे. नोकरीच्या तीस-बत्तीस वर्षांत माझ्यासमोर हजारो परीक्षानळ्यांत तो चॉकलेटी साका पडला. 'कॉपर प्रेझेंट' लिहून आम्ही तो बेसिनमध्ये ओतून देत असू. तो चुंबक होऊ शकेल का, असे एकदाही कोणा विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मलाही सुचले नाही.

आता धुळ्याच्या पेढीकडे वळतो. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट, हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट; केळी आणि कापूस यांच्यासाठी शेतकरी मँगनीज सल्फेटही नेतो. म्हणजे ज्या धातूंबद्दल पुढे सांगणार आहे त्यांतील तीन मुख्य धातू या गृहस्थांच्या गोदामात पोत्यांनी आहेत. मांडवात हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा हसले.

चुंबकत्व येते कोठून? अणूतील इलेक्ट्रॉन बहुधा जोडीने राहतात. प्रत्येक इलेक्ट्रॉन हा स्वतः एक सूक्ष्म चुंबक आहे, पण जोडीतील दोघांची तोंडे विरुद्ध दिशांना असल्याने जमा-नावे बरोबर होऊन शिल्लक शून्य राहते. एकटा उरलेला इलेक्ट्रॉन मात्र शिल्लक दाखवतो. या जाळ्यांमधील मँगनीजमध्ये असे पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात, तांब्यात एक, सहा सायनाइडांनी वेढलेल्या लोहात एक.

आता एकाच धातूचे अणू दुव्यांनी जोडले तर काय होते? दुव्याच्या दोन टोकांवरील अणू बहुतेक वेळा परस्परांच्या विरुद्ध तोंड करतात. मँगनीजशेजारी मँगनीज बसवला तर पाच वजा पाच, शिल्लक शून्य. आत सारे अणू चुंबकाचे, पण बाहेर टाचणीही ओढली जाणार नाही. मँगनीजशेजारी तांबे बसवले तर पाच वजा एक, प्रत्येक जोडीमागे चार शिल्लक. भांडण तेच, पण भागीदार असमान असल्यामुळे पेढीत काहीतरी उरते. दोन धातू का हवेत, या प्रश्नाचे निम्मे उत्तर एवढेच आहे. हे तत्त्व लुई नेएल या फ्रेंच पदार्थवैज्ञानिकाने १९४८ मध्ये मांडले. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले. दालमिलमध्ये धान्यातील खिळे, तारांचे तुकडे ओढून घेणारा काळा फेराइट चुंबक याच तत्त्वावर चालतो. आपण तो वापरीत होतो, त्याचा हिशेब ठाऊक नव्हता.

नेएलचे तत्त्व रेणूंच्या साखळीत आणून दाखवले ते फ्रान्समध्येच ऑलिव्हिए काह्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. मँगनीज, तांबे, मँगनीज, तांबे अशी एकाआड एक ओवलेली त्यांची साखळी १९८८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती खरोखर चुंबक झाली, पण ४.६ केल्विनच्या खाली. केल्विन म्हणजे उणे २७३ अंशांपासून मोजलेले तापमान. तेव्हा हे सुमारे उणे २६८ अंश सेल्सियस झाले. मूळ प्रशियन ब्ल्यूही साडेपाच केल्विनच्या आसपासच चुंबक होतो. त्याहून उबेत गेले की उष्णतेने अणूंची तोंडे भलतीकडे फिरतात आणि शिस्त मोडते.

ही शिस्त टिकणारे तापमान वर नेण्यासाठी बरीच धडपड झाली. १९९५ साली पॅरिसमधील मिशेल वेर्दाग्वे यांच्या गटाने व्हॅनेडियम आणि क्रोमियम यांची सायनाइडने जोडलेली जाळी तयार केली. ती ३१५ केल्विनपर्यंत, म्हणजे ४२ अंश सेल्सियसपर्यंत चुंबक राहते. पॅरिसच्या माणसाला ४२ अंश म्हणजे खोलीच्या तापमानापेक्षा कितीतरी वरचा पल्ला वाटला असेल. जळगावच्या माणसाला मात्र हसू येईल. मे महिन्यात आमच्या गावचा पारा ४२ ओलांडतो, म्हणजे दुपारी दोन वाजता ओसरीवर ठेवलेला हा चुंबक निवळ भुकटी होईल आणि रात्री गारवा पडल्यावर पुन्हा चुंबक. वेर्दाग्वे यांनी नेमक्या याच उणिवेचा खेळ करून दाखवला. हवा लागली तर पदार्थ बिघडतो म्हणून तो बंद काचनळीत भरून लंबकासारखा टांगला. शेजारच्या चुंबकाने तो ओढला जाई. तेथे पडलेल्या प्रकाशाच्या झोताने तापून त्याचे चुंबकत्व जाई आणि लंबक सुटून मागे येई. थंड झाला की पुन्हा ओढला जाई. उन्हावर चालणारा झोका. व्यापारी मूल्य शून्य, पण मला वाटते खानदेशात हा झोका चांगला चालला असता. पुढे चारच वर्षांनी, १९९९ मध्ये, पोटॅशियम घालून केलेल्या याच जातीच्या जाळीने शंभर अंशांचा टप्पा ओलांडला.

आता त्या भागाकडे येतो, जो ऐकताना धुळ्याच्या गृहस्थांनी खिशातून पेन काढले.

दुव्याच्या दोन टोकांवरील अणू नेहमीच विरुद्ध तोंड करतात असे नाही. दोघांचे एकटे इलेक्ट्रॉन अणूतील एकाच प्रकारच्या कप्प्यात राहत असतील, तर विरोध. एकमेकांशी संबंध न येणाऱ्या कप्प्यांत राहत असतील, तर मैत्री. निकेल आणि क्रोमियम एका तोंडाने उभे राहतात, मँगनीज आणि क्रोमियम विरुद्ध. मग एकाच जाळीत क्रोमियमभोवती थोडे निकेल आणि थोडे मँगनीज बसवले तर? जपानमध्ये शिन-इची ओहकोशी आणि काझुहितो हाशिमोतो यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात हेच केले. निकेल आणि मँगनीज यांचे प्रमाण बदलत त्यांनी नमुन्यांची मालिकाच बनवली. हिशेब पाहा. क्रोमियममध्ये तीन एकटे इलेक्ट्रॉन, निकेलमध्ये दोन, मँगनीजमध्ये पाच. जाळीत क्रोमियमचे १४ अणू धरले तर विद्युतभाराचा मेळ बसण्यासाठी समोर २१ अणू लागतात. त्यांत ९ निकेल आणि १२ मँगनीज घ्या. एका बाजूला निकेलचे अठरा आणि क्रोमियमचे बेचाळीस, एकूण साठ. दुसऱ्या बाजूला मँगनीजचे बारा पंचे साठ. ताळेबंद जुळला, शिल्लक शून्य. निकेल थोडे वाढवा, शिल्लक या बाजूला; मँगनीज वाढवा, शिल्लक त्या बाजूला. प्रत्यक्ष मोजमापातही याच प्रमाणाच्या जवळ चुंबकत्व नाहीसे झालेले दिसले. आधी कागदावर मांडून, मग पदार्थ बनवून, मग मोजून मिळालेले असे उत्तर रसायनशास्त्रात रोज मिळत नाही.

आपल्या महाराष्ट्रातही या विषयाचे काम झाले आहे, आणि ते साधे नाही. मुंबईला तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्रात अमित कुमार, एस. एम. युसुफ आणि जे. व्ही. याखमी यांनी स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेतील एल. केलर यांच्यासह २००८ मध्ये 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या पत्रिकेत एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा पदार्थ तांबे, मँगनीज आणि लोह यांचा. लोहाच्या एका विटेमागे तांबे ०.७३ आणि मँगनीज ०.७७. बेरीज दीड. प्रत्येकाचा विद्युतभार दोन, म्हणजे एकूण तीन. लोहाच्या विटेचा भारही तीन, उलट चिन्हाचा. येथेही खतावणी जुळते.

हा पदार्थ थंड करीत नेला तर प्रथम तो बाहेरून लावलेल्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने चुंबक होतो. आणखी थंड केला की चुंबकत्व कमी होत होत एका तापमानाला शून्यावर येते. त्याहून थंड केला, तर ते उलटे होते. बाहेरचे क्षेत्र जसेच्या तसे असताना पदार्थ त्याच्या विरुद्ध तोंड करून उभा राहतो. उत्तर ध्रुव असावा तेथे दक्षिण. असे का होते ते वरवरच्या मोजमापाने कळत नाही, कारण बाहेर दिसते ती फक्त शिल्लक. रोजमेळाच्या शेवटच्या ओळीवरून कोणत्या भागीदाराने किती टाकले आणि किती उचलले हे कसे कळणार? त्यासाठी वही उघडावी लागते.

ती वही उघडण्याचे साधन म्हणजे न्यूट्रॉनचा झोत. न्यूट्रॉनला विद्युतभार नाही, त्यामुळे तो पदार्थात खोलवर शिरतो. पण तो स्वतः सूक्ष्म चुंबक आहे, म्हणून आतील प्रत्येक धातूचे तोंड कोणीकडे आहे याचा माग घेऊन बाहेर येतो. अशा तपासणीतून दिसले, की तांबे आणि लोह एका दिशेला आहेत आणि मँगनीज त्यांच्या विरुद्ध. तापमान उतरते तसे सारे एकाच गतीने शिस्तीत येत नाहीत. एक पक्ष लवकर सावरतो, दुसरा मागून येतो आणि मग पुढे निघून जातो. दोघे समसमान होतात त्या क्षणी शिल्लक शून्य, आणि नंतर पारडे दुसऱ्या बाजूला झुकते. न्यूट्रॉनच्या साहाय्याने पदार्थ तपासण्याची तुर्भ्याची परंपरा 'अप्सरा' या १९५६ च्या अणुभट्टीपासूनची आहे. १९८५ मध्ये सुरू झालेली १०० मेगावॉटची 'ध्रुव' भट्टी आज ते काम करते.

हे सारे ऐकल्यावर गृहस्थांनी जो प्रश्न विचारला तो मला अपेक्षितच होता. "मग याचा उपयोग काय?"

येथे माझ्याच घरातील गोष्ट सांगितली पाहिजे. माझी धाकटी बहीण १९८० च्या दशकात रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाली. तिलाही पुढे संशोधन करायचे होते. वडिलांनी मला हाच प्रश्न विचारला. मी तेव्हा नवा प्राध्यापक, अंगात रग होती. मी म्हणालो, यातून मोठे शोध लागतील, कारखाने उभे राहतील. वडील मुरलेले अडत व्यापारी. त्यांनी एकच विचारले, "कधी?" मला उत्तर देता आले नाही. दोन महिन्यांत तिचा विवाह झाला. ती सुखात आहे, नातवंडे आहेत. पण तिच्या एम.एस्सी.च्या वह्या तिने अजून जपून ठेवल्या आहेत, हे मला अलीकडेच तिच्या सुनेकडून समजले. मी तेव्हा फुगवून सांगितले नसते, तर वडिलांनी कदाचित वेगळा विचार केला असता. म्हणून या वेळी जे खरे आहे तेवढेच सांगितले.

खरे हे, की या जाळ्यांचे चुंबक आज बाजारात विकले जात नाहीत. दालमिलचा फेराइट चुंबक स्वस्त आहे आणि सुमारे साडेचारशे अंशांपर्यंत तो चुंबकत्व सोडत नाही. त्याच्याशी यांची स्पर्धाच नाही. यांचे बळ दुसरीकडे आहे. १९९६ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी कोबाल्ट आणि लोह यांच्या जाळीवर तांबडा प्रकाश टाकून तिचे चुंबकत्व वाढवून दाखवले आणि निळ्या प्रकाशाने ते पुन्हा उतरवले. प्रकाशाने लिहिता-पुसता येणारी ही पाटी अजून फक्त अतिशीत तापमानात चालते. चुंबकत्व बाजूला ठेवले तर याच जातीचे पदार्थ कामाला लागलेले आहेत. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारात गेलेल्या वैद्यकीय यंत्रातून किरणोत्सारी सीझियम बाहेर पडले, तेव्हा ४६ जणांना प्रशियन ब्ल्यू पोटात देण्यात आला. त्याच्या जाळीच्या खोल्यांत सीझियम अडकतो आणि शरीराबाहेर जातो. चीनच्या सीएटीएल कंपनीने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या सोडियम बॅटरीत याच कुळातील पांढरा पदार्थ होता. सोडियम त्या खोल्यांतून ये-जा करतो. त्या रंगाऱ्याच्या चुकीपासून या बॅटरीपर्यंत तीनशेहून अधिक वर्षे गेली. "कधी?" या प्रश्नाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे, आणि वडिलांपुढे ते ठेवायला मला आता संकोच वाटत नाही.

खर्चाचेही स्पष्ट बोललो, कारण आपण व्यापारी माणसे आहोत. राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली असेल तर जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे महिन्याला ३७,००० रुपये, पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडे भत्ता मिळतो. या कन्येला ती मिळालेली आहे. वडिलांना रक्कम ठाऊक नव्हती. घरातून तिला द्यायचे ते पैसे नव्हेत, वेळ द्यायचा आहे. तो मात्र स्वस्त नाही. नमुना बनवणे एका दुपारचे काम. क्षार पाण्यात विरघळवायचे, थेंबाथेंबाने एकत्र करायचे, साका गाळायचा, धुवायचा, वाळवायचा. पण घाई झाली की जाळीत पोटॅशियम अडकून राहते, विटांच्या जागा रिकाम्या राहतात, पाण्याचे प्रमाण दर वेळी वेगळे येते. तांबे आणि मँगनीज यांचा एकसंध पदार्थ होण्याऐवजी दोन वेगळ्या भुकट्यांची भेळ झाली आहे का, हेही तपासावे लागते. दिसायला दोन्ही सारखेच. पहिले दीड वर्ष बहुतेकांचे यातच जाते, आणि त्या काळात मुलगी घरी फोनवर चिडून बोलली तर मनावर घेऊ नये, असेही मी त्यांना सांगितले.

स्थळांविषयी मी काही बोललो नाही. एवढेच म्हणालो, की ज्या घराला सून म्हणून ही मुलगी हवी आहे त्यांना हे पत्र दाखवा. त्यांचे उत्तर ऐकून स्थळ पारखता येईल.

निघताना त्यांनी विचारले, "हे मोजमापाचे यंत्र कोठे असते? तिला कोठे कोठे जावे लागेल?" मी सांगितले, विद्यापीठांतील संशोधकांसाठी विद्यापीठ अनुदान आयोग आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून एक संस्था काढली आहे. तिचे मुख्य केंद्र इंदूरला आहे. अतिशीत तापमानातील चुंबकीय मोजमापे तेथे होतात. तिचेच दुसरे केंद्र मुंबईला तुर्भे येथे आहे, न्यूट्रॉनच्या झोतासाठी तेथे जावे लागते. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इंदूर ते मुंबई. आमच्या दुकानावरूनच रस्ता जातो की."